व्हाल-दे-ब्वाचा ‘भला बाप’ : गिरणीमालक लेऑन हार्मेल (१८२९–१९१५)

मे २०२५ मध्ये नूतन पोप महोदयांनी लिओ हे नाव धारण केले आणि त्या निवडीमागे पोप लिओ तेरावे यांच्या ‘रेरुम नोवारुम’ या १८९१ सालच्या परिपत्रकाचे स्मरण आहे, असे त्यांनी स्वतःच कार्डिनलांना सांगितले. कामगारांची स्थिती, न्याय्य वेतन आणि संघटनेचा हक्क यांविषयी ख्रिस्तसभेने घेतलेली भूमिका म्हणून ते परिपत्रक आपल्याला परिचित आहे. परंतु त्यातील अनेक गोष्टी फ्रान्समधील एका नदीकाठच्या गिरणीत त्याआधीपासून आचरणात येऊ लागल्या होत्या, याची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना असेल. त्या गिरणीचे मालक लेऑन हार्मेल हे धर्मगुरू नव्हते, प्राध्यापकही नव्हते. ते लोकरीचे सूत विकणारे व्यापारी आणि कुटुंबवत्सल प्रापंचिक होते.

लेऑन हार्मेल यांचा जन्म १७ फेब्रुवारी १८२९ रोजी फ्रान्सच्या आर्देन प्रांतात झाला. लोकर कातण्याचा व्यवसाय त्यांच्या घरात आजोबांपासून चालत आला होता. १८४० च्या सुमारास त्यांचे वडील झाक-जोसेफ यांनी रीम्स शहराजवळील वार्मेरिव्हिल या गावी, स्वीप नदीच्या काठी गिरणी हलविली. त्या जागेचे नाव व्हाल-दे-ब्वा, म्हणजे ‘रानाची दरी’. शहराची गर्दी आणि गुत्ते यांपासून ती दूर होती. नदीच्या पाण्याची शक्ती हाताशी होती आणि कामगारांची घरे बांधण्यास मोकळी जमीनही मिळाली.

त्या काळी कापड आणि लोकर धंद्यातील कामगाराचे जीवन कसे होते, हे वेगळे सांगावयास नको. दिवसाचे बारा-बारा तास काम, साच्यांपाशी राबणारी लहान मुले, आजारपणात बंद होणारी मजुरी आणि म्हातारपणी भिकेची पाळी. झाक-जोसेफ हे मनाने दयाळू होते. त्यांनी आजारी कामगारांसाठी साहाय्य निधी आणि बचतीसाठी पेढी सुरू केली, अडल्यानडल्यांना हात दिला. कामगार त्यांना ‘भला बाप’ म्हणत. १८५४ मध्ये त्यांची प्रकृती ढासळल्यावर पंचविशीतल्या लेऑनवर गिरणीचा कारभार येऊन पडला आणि पुढे ती प्रेमाची पदवीही वारशाने त्यांच्याकडे आली.

येथवरची कथा एखाद्या उदार मालकाची आहे, आणि उदार मालक त्या शतकात आणखीही होते. हार्मेल यांचे वेगळेपण त्यांना आलेल्या एका अडचणीतून सुरू होते. मदत तर पोहोचत होती, पण मालकाच्या हातून आलेल्या प्रत्येक उपकाराकडे कामगार थोड्या संशयानेच पाहत होते. वरून मिळालेली वस्तू वरून काढूनही घेता येते, हे कष्टकऱ्याला पुरते ठाऊक असते. दिलेले दान जितके मोठे, तितका घेणारा अधिक मिंधा होतो आणि मिंधा माणूस मोकळेपणाने बोलत नाही. हार्मेल यांनी हळूहळू निष्कर्ष काढला की कामगाराचे हित कामगारानेच साधले पाहिजे, मालकाने त्याच्या सोबत राहावे, परंतु त्याला वगळून किंवा त्याच्यावर लादून काहीही करू नये.

म्हणून १८६० नंतर व्हाल-दे-ब्वा येथे जे उभे राहिले, त्याची सूत्रे त्यांनी शक्यतो कामगारांच्याच हाती दिली. पुरुषांचे मंडळ, स्त्रियांचे आणि मुलींचे संघ, साहाय्य निधी, सहकारी दुकान, बँडपथक, सारे काही सभासदांनी निवडलेल्या पदाधिकाऱ्यांनी चालवावे, अशी योजना होती. मुलांसाठी शाळा होती, कामगारांना बागेसह घरे होती, गिरणीच्या आवारात प्रार्थनामंदिर आणि स्वतंत्र धर्मगुरू होते. मंडळात येणे न येणे ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडले होते. धर्माच्या बाबतीत सक्तीने केवळ ढोंगी माणसे तयार होतात, असे त्यांचे ठाम मत होते.

१८७० साली त्यांची पत्नी निवर्तली. संत फ्रान्सिसच्या तृतीय संघाचे सभासद या नात्याने त्यांनी आपली राहणी साधी ठेवली होती, ती पुढेही तशीच राहिली. १८७४ च्या सप्टेंबरमध्ये गिरणीला आग लागून ती भस्मसात झाली. दुसरा एखादा मालक विम्याचे पैसे घेऊन निवृत्त झाला असता. हार्मेल यांनी गिरणी पुन्हा उभारली. याच काळात काउंट आल्बेर दे मुन यांच्या कॅथलिक कामगार मंडळांच्या चळवळीशी त्यांचा संबंध आला. त्या मंडळांत उच्चकुलीन मंडळी मार्गदर्शन करीत आणि कामगार ऐकत. व्हाल-दे-ब्वा येथे कामगारच चालक होते. हा फरक वाचताना लहान वाटतो, पण माझ्या मते हार्मेल यांचे सारे कार्य त्या एका फरकात आहे.

दोन गोष्टींचा तपशील देणे आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट १८९१ साली सुरू झालेल्या कुटुंब निधीची. एकाच खात्यात, एकाच साच्यावर काम करणाऱ्या दोघांची मजुरी सारखी असते. त्यांपैकी एक अविवाहित असतो आणि दुसऱ्याच्या घरी पाच-सहा खाणारी तोंडे असतात. दोघांच्या कामाचे मोल सारखे आहे, म्हणून मजुरी सारखी असणे न्याय्य आहे. तरीही एकाच्या घरी पोटभर जेवण होते आणि दुसऱ्याच्या घरी मुले अर्धपोटी झोपतात. मुलाबाळांच्या माणसाची मजुरीच वाढवावी, तर उद्या मालक अविवाहितांनाच कामावर ठेवू लागतील. हार्मेल यांनी मजुरी आणि कुटुंबाची गरज या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. मजुरी सर्वांना कामाप्रमाणे मिळावी आणि घरातील माणसांच्या मानाने जेथे ती अपुरी पडते, तेथे निधीतून भर घालावी. पैसा गिरणीचा, परंतु कोणाला किती द्यावयाचे हे ठरविणारी समिती कामगारांची. शेजाऱ्याच्या चुलीची खरी स्थिती मालकापेक्षा शेजाऱ्यालाच अधिक कळते, हे त्यामागील व्यवहारज्ञान.

दुसरी गोष्ट १८९३ च्या कारखाना मंडळाची. कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी मालकासमवेत बसत आणि अपघात, स्वच्छता, शिकाऊ मुलांचे प्रशिक्षण, कामाची विभागणी, शिस्त, इतकेच नव्हे तर वेतनाचाही विचार करीत. कल्पना करा, ज्या काळी मुकादमाच्या तोंडून निघालेला शब्द हाच कायदा असे, त्या काळी सूत कातणारा साधा माणूस मालकाच्या मेजाशी बसून आपल्या खात्यातील कोणती गोष्ट धोक्याची आहे हे सांगत होता. अंतिम निर्णय मालकाकडेच राहत असे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तरीही कामाच्या ठिकाणी माणसाला समाधान कशाने लाभते, याचे उत्तर मला बागेच्या घरापेक्षा या मेजापाशी अधिक सापडते.

अनेक कॅथलिक गिरणीमालकांना हा प्रकार रुचला नाही. मालकाचा अधिकार वाटून दिला तर गिरण्या चालणार कशा, असा त्यांचा आक्षेप होता. उलट बाजूने समाजवादी मंडळी म्हणत की हे सारे मालकशाहीला लावलेले गोड वेष्टन आहे. या दुसऱ्या आक्षेपात काही तथ्य आहे, असे मलाही वाटते. घर, शाळा, नोकरी, प्रार्थनामंदिर हे सर्व जेव्हा एकाच कुंपणात असते, तेव्हा त्या कुंपणात न मावणाऱ्या माणसाने जावे कोठे? ‘बाप’ हा शब्द प्रेमाचा खरा, पण प्रौढ माणसांना आयुष्यभर लेकरे मानणे हेही काही बरे नव्हे. हार्मेल यांना ही जाणीव असावी. वाढत्या वयाबरोबर ते कामगारांच्या स्वतंत्र संघटनांच्या बाजूने अधिकाधिक उघडपणे उभे राहिले. वय वाढते तसे माणसे सहसा उलट दिशेने जातात.

त्यांच्या कार्याची कीर्ती रोमपर्यंत गेली ती यात्रांमुळे. १८८५ मध्ये त्यांनी सुमारे शंभर उद्योजकांना पोप लिओ तेरावे यांच्या भेटीस नेले. १८८७ मध्ये गेले ते कामगार. १८८९ मध्ये दहा हजार कामगार आगगाड्यांनी आल्प्स ओलांडून रोमला पोहोचले. राजेरजवाडे आणि मुत्सद्दी ज्या दालनांतून वावरत, तेथे कष्टाने राठ झालेल्या हातांची ही माणसे पोप महोदयांसमोर उभी राहिली. त्यानंतर दोन वर्षांनी, १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोवारुम’ प्रसिद्ध झाले. त्याचे श्रेय एकट्या हार्मेल यांचे नव्हे. जर्मनीचे बिशप केटेलर, इंग्लंडचे कार्डिनल मॅनिंग आणि इतर अनेकांचे विचारही त्याच्या पाठीशी होते. मात्र यात्रेतील त्या चेहऱ्यांनी पोप महोदयांना कामगार प्रत्यक्ष दाखविला. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत रोममध्ये काही तरुण यात्रेकरूंच्या अविचारी कृत्यामुळे दंगल उसळली आणि यात्रा काही वर्षे थांबवाव्या लागल्या.

त्यांच्या आणखी एका उपक्रमाचा मला विशेष हेवा वाटतो. सुट्टीच्या दिवसांत सेमिनरीचे विद्यार्थी व्हाल-दे-ब्वा येथे येत आणि गिरणीच्या परिसरात राहून सामाजिक प्रश्नांचा अभ्यास करीत. येशूच्या पवित्र हृदयाच्या धर्मगुरुसंघाचे संस्थापक फादर लिओ देहों हे हार्मेल यांचे निकटचे सहकारी होते. आमच्या विद्यार्थीदशेत आम्ही सामाजिक परिपत्रके पाठ केली, परीक्षेत गुणही मिळविले. परंतु कारखान्यात दिवसभर उभे राहिल्यावर पाय किती दुखतात, हे आम्हांला कोणी दाखविले नाही.

१९०१ साली ‘ख्रिस्ती लोकशाही’ या शब्दाला रोमने राजकीय अर्थ नाकारला आणि त्या चळवळीतील अनेक उत्साही कार्यकर्ते खचले. हार्मेल यांनी आज्ञापालन केले आणि ते आपल्या गिरणीच्या कामाला लागले. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. रीम्सच्या पूर्वेकडील तो सारा मुलूख जर्मन सैन्याच्या ताब्यात गेला. २५ नोव्हेंबर १९१५ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, दक्षिण फ्रान्समधील नीस येथे हार्मेल यांनी देह ठेवला, तेव्हा व्हाल-दे-ब्वा रणरेषेच्या पलीकडे होते.

कुटुंब भत्ता देणे फ्रान्समधील मालकांना कायद्याने बंधनकारक झाले ते १९३२ साली, आणि कामगार प्रतिनिधींची कारखाना मंडळे तेथे कायद्याने आली ती १९४५ साली.