चित्रमहर्षी दादासाहेब फाळके

नवा चित्रपट हल्ली थोड्याच आठवड्यांत घरी मोबाइलवर येतो. मग थिएटरात कशाला जायचे, असे आपण विद्यार्थी म्हणतो. अशा वेळी दादासाहेबांचे चरित्र आठवावे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून ते भारावले. दुसऱ्याच दिवशी पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन त्यांनी तो पुन्हा पाहिला. रामकृष्णांच्या कथा पडद्यावर आणायच्या, हा ध्यास त्यांनी घेतला. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले व कॅमेरा घेऊन परतले.

दादरच्या घराचाच कारखाना झाला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, मंडळींचा स्वयंपाक केला आणि रात्री फिल्म धुण्याचे कामही केले. बाहेरचे चित्रण आपल्या कर्जतजवळच्या वांगणीत झाले. ढाल-तलवारी पाहून गावकऱ्यांना ते दरोडेखोर वाटले! ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. पुढे बोलपटांच्या काळात ते मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

आमच्या वाड्यावस्त्यांवरील कितीतरी आयांनी थिएटर पाहिलेलेच नाही. त्यांच्यासाठी मोबाइल हा लाभच आहे. परंतु चित्रपट आवडताच फाळके घरच्या माणसाला सोबत घेऊन गेले. आपणही एकदा आईला थिएटरात न्यावे.