मुमताजच्या एका नकाराने इंदूरची गादी कशी गेली? तुकोजीराव होळकर आणि बावला हत्या प्रकरण

१२ जानेवारी १९२५ची संध्याकाळ. मुंबईच्या मलबार हिलवर एका मोटारीला मागून येणाऱ्या मोटारीने धडक दिली. हल्लेखोरांनी श्रीमंत व्यापारी अब्दुल कादर बावला यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि शेजारी बसलेल्या मुमताज बेगमला ओढून बाहेर काढलं. या घटनेनंतर साधारण वर्षभराने इंदूरचे महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) यांना गादी सोडावी लागली. नेमकं काय घडलं होतं?

कोण होते तुकोजीराव?

तुकोजीरावांचा जन्म १८९०चा. वडील शिवाजीरावांनी १९०३ मध्ये गादी सोडली, तेव्हा ते अवघे १२ वर्षांचे होते. १९११ मध्ये त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले.

मुमताजशी नातं कसं होतं?

मुमताज नाचगाण्यावर जगणाऱ्या घरातली. ती महाराजांची राखेल म्हणून राजवाड्यात आली. दागदागिने, नोकरचाकर, परदेश प्रवास सगळं तिला मिळालं. मात्र लग्नाची बायको म्हणून हक्क नव्हता आणि बाहेर पडायची मोकळीकही नव्हती. आपली नवजात मुलगी मारली गेली, असा गंभीर आरोप तिने पुढे कोर्टात केला.

अखेर प्रवासात असताना दिल्लीत तिने परत जायला साफ नकार दिला. काही काळाने ती मुंबईत बावलांच्या आश्रयाला आली. महाराजांच्या माणसांच्या दृष्टीने हा विश्वासघात होता. तिच्या दृष्टीने ती सुटका होती. तिला परत पाठवावं, म्हणून बावलांना धमक्या येऊ लागल्या.

कट कसा फसला?

गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी योगायोगाने त्याच रस्त्याने आले. लेफ्टनंट सीगर्ट हल्लेखोरांवर गोल्फची स्टिक घेऊनच धावून गेले. ते स्वतः जखमी झाले, पण काही हल्लेखोर जागेवर पकडले गेले. बावलांचा मृत्यू झाला. चेहऱ्यावर वार झालेली मुमताज मात्र वाचली, आणि इथेच पारडं फिरलं.

कोर्टात काय झालं?

मुंबई हायकोर्टात ९ जणांवर खटला चालला. आरोपींमध्ये इंदूर संस्थानच्या सेवेतली माणसं होती. त्यांपैकी सरदार आनंदराव फणसे यांचं वकीलपत्र बॅरिस्टर जिनांनी घेतलं होतं. राजवाड्यात जिच्या शब्दाला किंमत नव्हती, तिची साक्ष आता देशभरातली वर्तमानपत्रं छापत होती. मे १९२५ मध्ये तिघांना फाशीची, तर चौघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली गेली. दोघे सुटले.

महाराजांवर खटला चालला का?

नाही. पण कटाची सूत्रं इंदुरातून हलल्याचा संशय गडद होता. ब्रिटिश सरकारने त्यांच्यापुढे दोनच पर्याय ठेवले: चौकशी आयोगाला सामोरं जा किंवा गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी मुलगा यशवंतराव यांच्यासाठी गादी सोडली. यशवंतराव अल्पवयीन होते. त्यांना पूर्ण अधिकार मिळाले ते १९३० मध्ये. तोवर संस्थानावरची ब्रिटिशांची पकड आणखी घट्ट झाली होती.

पुढे काय झालं?

१९२८ मध्ये तुकोजीरावांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी हिंदू पद्धतीने लग्न केलं. ती शर्मिष्ठादेवी होळकर झाली. मुमताजला जो दर्जा कधीच मिळाला नाही, तो तिला मिळाला. तुकोजीरावांचं १९७८ मध्ये पॅरिसमध्ये निधन झालं. गादी सोडल्यानंतर ते ५२ वर्षं जगले, पण त्यांचं नाव निघालं की आजही आधी आठवतं ते बावला प्रकरण.