खंजिरीच्या तालावर देश

अमेरिकेतील लोकांच्या देशप्रेमाची वर्णने आपण अनेकदा वाचतो. तेथे साधा नागरिकही घराच्या दारावर राष्ट्रध्वज लावतो. शाळेतील मुले छातीवर हात ठेवून ध्वजाची प्रतिज्ञा म्हणतात. ही प्रतिज्ञा फ्रान्सिस बेलामी यांनी १८९२ साली लिहिली. खेळाचा सामना सुरू होण्यापूर्वी राष्ट्रगीत होते आणि हजारो प्रेक्षक उभे राहतात. यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहण्याचा दिवस १८६८ पासून पाळला जाऊ लागला, तो आजही वेगळ्या नावाने पाळला जातो. देश ही केवळ नकाशावरची गोष्ट नसून घरच्या ओट्यापर्यंत आलेली गोष्ट आहे, असे या साऱ्या रिवाजांवरून वाटते.

हे वाचून माझ्या मनात एक प्रश्न उभा राहिला. आपल्या वऱ्हाडातील खेड्यात, जेथे घरावर धड कवेलू नव्हते आणि दारात टांगायला ध्वजही नव्हता, तेथे देश घराच्या ओट्यापर्यंत कसा आला असेल? ध्वज लावण्याची तर तेव्हा किंमत मोजावी लागे. १९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला तेव्हा तिरंगा हातात घेऊन रस्त्याने चालणे हाच गुन्हा ठरला होता आणि त्यासाठी देशभरातून आलेले सत्याग्रही तुरुंगात गेले. पुढे स्वातंत्र्य आले, तरी सामान्य नागरिकाला वर्षातील कोणत्याही दिवशी आपल्या घरावर राष्ट्रध्वज लावण्याची मुभा मिळाली ती २६ जानेवारी २००२ पासून. मग मधल्या काळात आपल्या आजोबा-पणजोबांनी देशप्रेम व्यक्त केले ते कशातून?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एक माणूस दिसतो. अंगावर साधे भगवे वस्त्र, हातात खंजिरी, समोर मैदानभर पसरलेला शेतकरी समाज. हा माणूस म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. वडील बंडोजी इंगळे आणि आई मंजुळाबाई. घरी अठराविश्वे दारिद्र्य. मुलाचे नाव माणिक ठेवले होते. परंतु या माणकाला कोंदण मिळाले नाही. शाळा प्राथमिक वर्गातच सुटली. अभ्यासापेक्षा भजनाकडे आणि ध्यानाकडे त्याची ओढ अधिक. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्याचे गुरू. त्यांनीच माणिकला 'तुकड्या' हे नाव दिले. भाकरीच्या तुकड्यावर वाढलेल्या पोराला हे नाव शोभूनही दिसले असेल. पुढे हजारो भजनांच्या शेवटी महाराजांनी हेच नाव मुद्रेसारखे वापरले. थोर झाल्यावर माणसे आपली लहानपणची गरिबी झाकतात. यांनी ती सहीत ठेवली.

तरुणपणी हा मुलगा घर सोडून रानात गेला. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा या परिसरातील जंगलांत त्याने साधना केली. येथपर्यंतची कथा आपल्याकडच्या अनेक संतांच्या कथेसारखीच आहे. मला महत्त्वाचे वाटते ते त्यापुढचे. रानात गेलेला हा साधक रानातच राहिला नाही, तो गावात परत आला. परत येताना त्याने देवाबरोबर गावालाही भजनात आणले. देऊळ आहे पण विहिरीचे पाणी घाण आहे, पारायण चालू आहे पण शिवाशीव सुटत नाही, लग्नात उधळपट्टी होते आणि सावकाराचे कर्ज वाढते, हे सारे विषय त्याच्या भजनात येऊ लागले. अमरावती-नागपूर मार्गावर मोझरी येथे १९३५ साली त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. मोझरीचे नाव आज महाराष्ट्रभर घेतले जाते ते या आश्रमामुळेच.

आपण कारंजेकर या गोष्टीचा अर्थ चटकन समजू शकतो. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान असलेल्या या गावात पहाटेची काकडआरती आणि सायंकाळची आरती कोणाला शिकवावी लागत नाही. भक्ती आपल्या हाडीमाशी रुजलेली आहे. खेड्यातील माणसाला देशाविषयी व्याख्यान दिले तर तो ऐकून घेतो आणि उठून जातो. परंतु टाळ वाजला की तो आपोआप बसतो. महाराजांनी ही नाडी ओळखली. जी जागा लोकांच्या मनात आधीपासून पवित्र होती, त्या जागेवर त्यांनी देशाला नेऊन बसवले. ध्वज नव्हता, परंतु भजन होते. त्यांचे भजन कधी मराठीत असे, कधी हिंदीत. चाल सोपी, शब्द रोजच्या वापरातले, ध्रुपद असे की दुसऱ्या आवर्तनाला सारे मैदान साथ देऊ लागे. खंजिरीसारखे साधे वाद्य त्यांच्या हातात असे बोलू लागे की हजारोंचा जमाव जागचा हलत नसे.

१९३६ साली महात्मा गांधींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतले. महाराज तेथे सुमारे महिनाभर राहिले. एक बॅरिस्टर, एक जेमतेम शाळा पाहिलेला. परंतु दोघांच्याही दिवसाची सुरुवात आणि शेवट प्रार्थनेने होत असे, आणि दोघांनाही देश खेड्यात दिसत होता. या सहवासानंतर महाराजांच्या कार्याला राष्ट्रीय चळवळीची जोड मिळाली. त्यांच्या भजनाचा फड म्हणजे स्वातंत्र्याची सभाच होऊ लागली. सभेला बंदी घालता येते, भजनाला बंदी घालणे सरकारलाही अवघड जात असावे.

मग १९४२ साल उजाडले. 'छोडो भारत'चा ठराव मुंबईत झाला आणि त्याचे पडसाद आठवड्याभरात विदर्भात उमटले. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे लोक रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला. चिमूरला बालाजी रायपूरकर हा तरुण हुतात्मा झाला, आष्टीतही निदर्शकांचे बळी गेले. संतप्त जमावाच्या हातून सरकारी अधिकारी व पोलीसही मारले गेले. त्यानंतर लष्कर आले आणि चिमूरच्या स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळी यांनी दीर्घ उपोषण केले. अनेकांना फाशीच्या शिक्षा झाल्या. त्या रद्द व्हाव्यात म्हणून अनसूयाबाई काळे यांनी अहोरात्र खटपट केली आणि शेवटी अनेकांचे प्राण वाचले.

या भागात महाराजांची भजने घराघरांत पोहोचली होती. सरकारने त्यांना चंद्रपूर येथे अटक केली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवले. २८ ऑगस्टपासून २ डिसेंबरपर्यंत ते बंदिवासात होते. एका भजन म्हणणाऱ्या माणसाला साम्राज्याने तुरुंगात टाकावे, याहून त्या भजनाच्या सामर्थ्याचे दुसरे प्रमाणपत्र कोणते?

परंतु या प्रसंगाची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. लोकांच्या मनात देशासाठी मरण्याची तयारी निर्माण करणे एक आणि तो आवेग आवरून धरणे दुसरे. चिमूर आणि आष्टीला दोन्ही बाजूंची माणसे मेली. तुरुंगातून बाहेर आल्यावर महाराजांनी जे काम हाती घेतले, ते पाहिले की वाटते, त्या रक्ताचा विचार त्यांच्या मनात खोलवर झाला असला पाहिजे. एका दिवसाचे बलिदान महान असते, पण गाव उभे राहते ते रोजच्या वागण्यावर. १९४३ साली 'श्रीगुरुदेव' मासिक निघाले. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव पसरल्या.

या मंडळाचा कार्यक्रम वरवर अगदी साधा दिसतो. पहाटे उठावे, सामुदायिक ध्यान करावे, रामधून म्हणत गावातून फिरावे, वाटेत रस्ते झाडावेत. सायंकाळी सर्व जातींच्या, सर्व धर्मांच्या माणसांनी एका सतरंजीवर बसून सामुदायिक प्रार्थना करावी. एवढेच. परंतु ज्या गावात एका विहिरीवर सर्वांना पाणी भरता येत नव्हते, त्या गावात एका सतरंजीवर बसणे ही केवढी मोठी क्रांती होती, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. अमेरिकेतील शाळकरी मुलाच्या दिवसाची सुरुवात ध्वजाच्या प्रतिज्ञेने होते. महाराजांनी येथल्या शेतकऱ्याच्या दिवसाची सुरुवात खराट्याने आणि शेवट प्रार्थनेने केला. दोन्हींचा हेतू एकच, की देशाची आठवण सणावारापुरती न राहता रोजची व्हावी.

येथे मला अमेरिकेतीलच आणखी एक गोष्ट आठवते. १९४३ साली, म्हणजे महायुद्ध ऐन भरात असताना, तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की ध्वजवंदन करण्याची किंवा प्रतिज्ञा म्हणण्याची सक्ती शाळेतील मुलांवर करता येणार नाही. युद्धाच्या काळात असा निर्णय द्यायला धैर्य लागते. कायदा सक्ती थांबवू शकतो. मात्र सक्तीवाचून माणसे उठून उभी राहावीत, अशी इच्छा त्यांच्या मनात निर्माण करणे कायद्याच्या हाती नसते. ते काम संतांचे, शिक्षकांचे, कवींचे. महाराजांच्या प्रार्थनेला कोणाला धरून आणावे लागले नाही. हजेरीपट नव्हता, दंड नव्हता. माणसे शेतातून येत, हातपाय धुवून बसत.

स्वातंत्र्यानंतर अनेक देशभक्तांपुढे प्रश्न पडला की आता करायचे काय? शत्रू तर निघून गेला. महाराजांना हा प्रश्न पडला नाही, कारण त्यांचा शत्रू गावातच होता. अज्ञान, अस्वच्छता, व्यसन, जातिभेद आणि आळस यांनी सत्तांतराची दखलही घेतली नव्हती. १९५५ साली त्यांची 'ग्रामगीता' प्रसिद्ध झाली. एकेचाळीस अध्यायांचा हा ओवीबद्ध ग्रंथ. यात मोक्षाची चर्चा थोडी आणि गावाची चर्चा फार. गावाचे आरोग्य कसे राखावे, शिक्षण कसे असावे, स्त्रियांची उन्नती का आवश्यक आहे, श्रमाला प्रतिष्ठा कशी येईल, श्रीमंत आणि गरीब यांच्यातील दरी कशी बुजेल, हे सारे ज्ञानेश्वरीच्या छंदात आले आहे. ओवी जात्यावर म्हणता येते, म्हणून ग्रामविकासाचा विचार ओवीतच सांगण्यात केवढी दूरदृष्टी होती, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने तरी लक्षात घ्यावे.

त्याच १९५५ साली ते जपानला विश्वधर्म परिषदेसाठी गेले आणि तेथेही त्यांची खंजिरी वाजली. १९५६ साली स्थापन झालेल्या भारत साधू समाजाचे ते पहिले अध्यक्ष झाले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांचा 'राष्ट्रसंत' म्हणून गौरव केला. १९६२ साली चीनने आक्रमण केले आणि १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले, तेव्हा जवानांना धीर देण्यासाठी महाराज सीमेवर गेले. वय पन्नाशीच्या पुढे, हातात तीच खंजिरी. यावलीच्या धुळीत वाढलेला आवाज सरहद्दीवरच्या छावणीत पोहोचला होता.

शेवटी कर्करोगाने त्यांना गाठले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंजात त्यांचे महानिर्वाण झाले. दरवर्षी अश्विन वद्य पंचमीला, ते गेले त्या घटकेला म्हणजे ४ वाजून ५८ मिनिटांनी, मोझरीला लाखोंचा समुदाय स्तब्ध उभा राहून त्यांना मौन श्रद्धांजली वाहतो. जन्मभर जनसमुदायाला गायला लावणाऱ्या माणसाचे स्मरण लोक मौनाने करतात.

२००५ साली नागपूर विद्यापीठाला महाराजांचे नाव देण्यात आले. आपल्या अमरावती विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव आहे. एकाच्या हातात खंजिरी, दुसऱ्याच्या हातात खराटा. दोघांपैकी कोणीही महाविद्यालयाची पायरी चढलेला नव्हता. आणि विदर्भातील आपण सारे पदवीधर यांच्या नावाची प्रमाणपत्रे भिंतीवर लावणार आहोत. हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो आणि थोडा अस्वस्थही करतो.

कारण आज ध्वज लावायला बंदी नाही. २०२२ साली स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवात आपल्या गावातही घरोघरी तिरंगा फडकला. ते दृश्य पाहून ज्याचा ऊर भरून आला नसेल असा माणूस विरळा. अमेरिकेतील घरांवर जो ध्वज आपण चित्रांत पाहत होतो, तसा आपलाही ध्वज आता आपल्या ओट्यावर आला. झेंडा सत्याग्रहातील सत्याग्रहींनी ज्यासाठी तुरुंग पत्करला, ते आपल्याला फुकट मिळाले आहे. पण फुकट मिळालेली वस्तू सांभाळण्याची सवय लागावी लागते. पंधरा ऑगस्टच्या संध्याकाळी रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे कोण उचलतो, हे आपण प्रत्येकाने एकदा पाहावे. बहुधा तो एखादा सफाई कामगार असतो, ज्याच्याशेजारी एका सतरंजीवर बसण्याची वेळ आपल्यावर अजून आलेली नसते.

तुकडोजी महाराजांच्या चरित्राने मला जे शिकवले ते एवढेच. मित्रहो, आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी होते, सात दिवस आपण गाव झाडतो, आठव्या दिवशी परत येतो. त्या आठव्या दिवशी आपण काय करतो, यावर आपल्या देशप्रेमाची परीक्षा आहे. महाराजांच्या दिनचर्येत सातवा दिवस आणि आठवा दिवस असा भेदच नव्हता. उद्या सकाळी आपल्या वर्गाची खोली उघडताना शिपायाची वाट न पाहता कोपऱ्यातला झाडू आपण हातात घेतला, तर मोझरीच्या त्या खंजिरीचा एक ठोका कारंज्यातही ऐकू येईल.