बोरू कसा निवडायचा, शाई कशी साठवायची? जालन्याच्या समर्थ रामदासांनी साडेतीनशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय

हाताने बनवलेल्या फाउंटन पेनांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. एबोनाइटचा दांडा लेथवर फिरतोय, कारागीर शंभरदा टोपण लावून बघतोय. आटे नसलेलं, नुसतं दाबून बसणारं टोपण असेल तर काम आणखी नाजूक. जरा सैल राहिलं तर गळून पडणार, जरा घट्ट झालं तर टोपण तडकणार. आणि ही सगळी खटपट कशासाठी? तर निबवरची शाई वाळू नये आणि रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी यावी.

आता गंमत बघा. रेघ सारखी कशी ठेवायची, शाई कशी जपायची, लिहिलेलं टिकवायचं कसं, या प्रश्नांची उत्तरं 17व्या शतकात एका माणसाने मराठीत लिहून ठेवली. तो माणूस जालना जिल्ह्यातला. नाव नारायण सूर्याजी ठोसर. आपण त्यांना समर्थ रामदास म्हणतो.

जालना म्हटलं की आपल्याला स्टील, बियाणं आणि मोसंबी आठवते. याच जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब नावाचं गाव आहे. आता ते जांब समर्थ म्हणूनच ओळखलं जातं. 1608 साली, रामनवमीच्या दिवशी सूर्याजीपंत आणि राणूबाई यांच्या घरी नारायणाचा जन्म झाला. थोरला भाऊ गंगाधर, त्यांना पुढे श्रेष्ठ म्हणू लागले.

नारायण बारा वर्षांचा असताना त्याचं लग्न ठरलं. मंगलाष्टकं सुरू झाली, सावधान हा शब्द कानावर पडला आणि नवरदेव मांडवातून पळाला, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. पळालेला मुलगा पोचला नाशिकजवळच्या टाकळीला. गोदावरी आणि नंदिनीच्या संगमावर त्याने बारा वर्षं काढली.

टाकळीची तपश्चर्या सगळ्यांना माहीत असते. पाण्यात उभं राहून केलेला जप, सूर्यनमस्कार वगैरे. पण परंपरा आणखी एक गोष्ट सांगते. याच काळात या तरुणाने वाल्मीकी रामायण स्वतःच्या हाताने उतरवून काढलं. वाल्मीकी रामायण म्हणजे सुमारे 24 हजार श्लोक. विकत घेऊ म्हटलं तर पुस्तकाचं दुकान नव्हतं. ग्रंथ हवा असेल तर कोणाची तरी पोथी मिळवायची, समोर ठेवायची आणि अक्षरन् अक्षर नकलायचं. समर्थांच्या हातची मानली जाणारी रामायणाची ही पोथी आज धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवलेली आहे.

म्हणजे लिखाणाबद्दल ते पुढे जे बोलले, ते बोटं काळी केलेल्या माणसाचं बोलणं होतं.

टाकळीनंतर बारा वर्षं ते देशभर फिरले. मग कृष्णाखोऱ्यात आले. 1648 साली चाफळला राममंदिर उभं राहिलं. मठ वाढत गेले, मराठवाड्यापासून थेट तंजावरपर्यंत. मिरजेचा मठ वेणाबाईंकडे होता. त्या स्वतः ग्रंथकर्त्या होत्या. शिवाजी महाराज आणि समर्थ यांची भेट कधी झाली, नातं काय होतं, यावर इतिहासकारांमध्ये मोठा वाद आहे. तो विषय वेगळा आहे, आज आपण लेखणीपुरतंच बोलू.

तर इतके मठ झाले की अडचण एकच येते. प्रत्येक मठात ग्रंथ हवा. छापखाना नाही. मराठी पुस्तकं छापली जाऊ लागली ती 19व्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे समर्थांच्या काळात ग्रंथाचं आयुष्य पूर्णपणे नक्कल करणाऱ्याच्या हातात होतं. त्याने एक ओळ गाळली तर ती ओळ त्याच्यापुढच्या सगळ्या नकलांमधून गायब. शाई फुटली, कडा झडल्या, वाळवी लागली की विषय संपला.

ही गोष्ट ओळखून समर्थांनी दासबोधात त्यावर एक स्वतंत्र समासच घातला. दासबोधात 20 दशक आहेत आणि प्रत्येक दशकात 10 समास. त्यातल्या 19व्या दशकाचा पहिलाच समास आहे लेखनक्रियानिरूपण. अध्यात्माच्या ग्रंथात मध्येच सुरी, कात्री, कागद आणि बोरूची यादी सुरू होते.

आधी बोरू म्हणजे काय ते बघू. पोकळ, सरळ, वेतासारखी काडी. टोक सुरीने तिरपं तासायचं आणि मधोमध बारीक चीर द्यायची. दौतीत बुडवलं की थोडी शाई टोकाला धरून राहते आणि चिरेतून कागदाकडे ओढली जाते. आजच्या फाउंटन पेनच्या निबला जी मधली फट दिसते, तिचं काम हेच. फरक इतकाच की धातूचा निब वर्षानुवर्षं चालतो आणि बोरूचं टोक लिहिता लिहिता झिजतं, मऊ पडतं. मग पुन्हा तासायचं. आणि दर वेळी तासताना टोकाची जाडी थोडी जरी बदलली की अक्षर बदललंच म्हणून समजा.

समर्थांची कसोटी नेमकी इथे लागते. त्यांचं म्हणणं असं की ग्रंथाचं पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर शेजारी ठेवून पाहिलं, तर सगळं एकाच लेखणीने लिहिल्यासारखं वाटलं पाहिजे. शाईचा काळेपणा तोच, टोकाची जाडी तीच, वळण तेच. हजारो ओव्यांच्या ग्रंथात बोरू कितीदा तासावा लागत असेल याचा विचार करा. मग ही अट किती कडक आहे ते कळतं.

त्यासाठी सामानही तसंच हवं. ते सांगतात, निरनिराळ्या प्रांतांतून बोरू मागवा, त्यातले घट्ट, बारीक आणि सरळ निवडून घ्या. लेखणी तासायच्या तऱ्हा अनेक, त्या शिकून घ्या. कागद दणकट आणा, त्याला खळ लावा आणि घोटून घ्या. खळ म्हणजे पिठाची पातळ पेज. ती लावून गुळगुळीत दगडाने घासलं की कागदाची छिद्रं बुजतात आणि शाई पसरत नाही. रेघा आधी शिशाने आखा, म्हणजे ओळींमधलं अंतर सारखं राहील. लाल अक्षरांसाठी हिंगूळ जवळ ठेवा. काळी शाई तयार करून वाळवून साठवा, म्हणजे लागेल तेव्हा भिजवता येते. पेनला टोपण नव्हतं त्या काळात शाई वाळण्यावरचा हा इलाज होता. वाळणारच आहे तर आधीच वाळवून ठेवायची.

पानाबद्दलचा त्यांचा सल्ला तर आजच्या डिझायनरलाही पटेल. चारी बाजूंनी जागा मोकळी सोडा आणि मजकूर मधोमध लिहा. कारण कागद कडेने झडतो. कडा गेल्या तरी अक्षर वाचलं पाहिजे.

आणखी एक सल्ला वयाबद्दल आहे. तरुणपणी नजर चांगली असते म्हणून माणूस फार बारीक लिहितो. तेच म्हातारपणी त्याला वाचता येत नाही. म्हणून अक्षर मध्यम ठेवा. शेवटी पोथी बासनात बांधा, मेणकापडात गुंडाळा, पेटीत घालून कुलूप लावा. लिहिणं संपलं तरी जपणं संपत नाही.

एक गोष्ट लपवायचं कारण नाही. हा समास सुरू होतो तो ब्राह्मणांना उद्देशून. बाळबोध अक्षर घोटून सुंदर करा, असं त्यांना सांगून. त्या काळात पोथी लिहिण्याचं काम मोजक्याच हातांत होतं, हे त्यातून स्पष्ट दिसतं. आज तीच अक्षरं प्रत्येकाच्या मोबाईलवर आहेत.

हे सगळं फक्त सांगण्यापुरतं होतं का? तर नाही. शिवथरघळीत समर्थ सांगायचे आणि शिष्य कल्याणस्वामी उतरवून घ्यायचे, अशी परंपरा आहे. कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत धाराशिव जिल्ह्यातल्या डोमगावच्या मठात जपली गेली. शके 1603च्या माघ वद्य नवमीला, म्हणजे जानेवारी 1682 मध्ये, समर्थांनी सज्जनगडावर देह ठेवला. त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षांनी धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव मठामठांतून फिरले, बासनं सोडली, जुन्या पोथ्या गोळा केल्या. डोमगावच्या प्रतीवरून त्यांनी दासबोध छापला. मध्ये राज्यं बदलली, भाषेचं वळण बदललं, तरी अक्षर वाचता येत होतं.

कधी धुळ्याला गेलात तर वाग्देवता मंदिरात डोकावून या. आणि पोथ्या पाहताना आधी पानाच्या कडेची मोकळी जागा बघा. ती का सोडली जायची, हे आता तुम्हाला माहीत आहे.