धुराला वाट काढून देणारा काउंट

फिजिक्समध्ये उष्णतेचा चॅप्टर शिकताना तोफेचं नाव हमखास निघतं. म्युनिकच्या कारखान्यात तोफेच्या नळीला भोक पाडताना धातू इतका तापायचा, की त्यावर पाणी उकळायचं. उष्णता हा पदार्थ नसून गतीचं रूप आहे, असं त्यावरून १७९८ मध्ये मांडणारा माणूस म्हणजे काउंट रम्फर्ड. पण लंडनच्या घराघरांत त्याचं नाव पोचलं होतं ते त्याआधीच, आणि तेही धुरामुळे!

मूळ नाव बेंजामिन थॉम्प्सन. जन्म १७५३, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी. विशीच्या आतच त्याने वयाने बऱ्याच मोठ्या, श्रीमंत विधवेशी लग्न केलं. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं तेव्हा पठ्ठ्या ब्रिटिशांच्या बाजूने, त्यांच्यासाठी हेरगिरीसुद्धा केली. १७७६ मध्ये बायको आणि लहान मुलीला मागे सोडून तो लंडनला निघून गेला. ती बायको त्याला पुन्हा कधीच भेटली नाही.

पुढे तो बव्हेरियाच्या राजदरबारी नोकरीला लागला. तिथे त्याने सैन्य सुधारलं, म्युनिकमधल्या भिकाऱ्यांना काम आणि जेवण मिळेल अशी सोय केली, शहराला ‘इंग्लिश गार्डन’ दिलं. ‘काउंट’ ही पदवी तिथलीच. गरिबांसाठी मोठाल्या भांड्यांत सूप शिजवताना त्याला एक गोष्ट खटकायची. इंधन भरपूर जळतं, पण त्याची ऊब जाते कुठे?

१७९५ मध्ये तो लंडनला परतला, तर तिथेही तीच बोंब. घराघरांत मोठ्ठी चौकोनी फायरप्लेस, वर रुंद चिमणी. आग ढणढणतेय, तरी माणसं कुडकुडतायत आणि डोळे चुरचुरतायत. त्याने आगीऐवजी चिमणीकडे पाहिलं. धूर गरम, म्हणून हलका, म्हणून वर जातो. पण चिमणीचा गळा प्रमाणाबाहेर रुंद असेल, तर धुराबरोबर खोलीतली हवाही वर ओढली जाते. ऊब बाहेर, आणि त्या हवेने थंडावलेला धूर रेंगाळून परत खोलीत!

उपाय फार खर्चाचा नव्हता. त्याने मागची भिंत पुढे आणली, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या, म्हणजे उष्णता थेट खोलीत फेकली जाईल. चिमणीचा गळा साधारण चार इंचांवर आणला. चिमणी साफ करणाऱ्याला वर जाता यावं, म्हणून तिथे काढता-घालता येणारा भाग ठेवायलाही तो विसरला नाही. १७९६ मध्ये त्याने हे सगळं मापांसकट छापलं, पेटंटच्या भानगडीत न पडता. ‘रम्फर्ड फायरप्लेस’ची इतकी फॅशन आली, की जेन ऑस्टिनच्या कादंबरीतही ती डोकावते.

१७९९ मध्ये लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन उभी राहिली, त्यातही तो पुढे होता. तरुण हम्फ्री डेव्हीला तिथे आणण्यातही त्याचा वाटा होता. नंतर त्याने पॅरिसमध्ये शास्त्रज्ञ लाव्हाझिएच्या विधवा पत्नीशी लग्न केलं, पण ते चार-पाच वर्षांतच मोडलं. घराघरांत ऊब पोचवणाऱ्याला स्वतःचं घर काही जमलं नाही. १८१४ मध्ये पॅरिसजवळ ओतई इथे तो गेला.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठेय फायरप्लेस? पण फ्लॅटमधल्या, होस्टेलमधल्या बाथरूमचा गॅस गीझर आठवा. दार बंद, खिडकी बंद, आणि जळलेला वायू बाहेर न्यायला पाइपच नाही. कोंडलेल्या जागेत ऑक्सिजन कमी पडला, की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. लंडनचा धूर निदान डोळ्यांत तरी जायचा. इथे आंघोळीला गेलेला माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो आणि जिवाला मुकतो.

म्हणून गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावायचा. पाइप असेल तर तो थेट बाहेर निघायला हवा, उगाच वळणं नकोत, आणि त्याचं तोंड कुणाच्या खिडकीत नको. त्याची जाडी कंपनीने सांगितलेलीच ठेवायची. रम्फर्डचे चार इंच त्या काळच्या फायरप्लेससाठी होते. ताजी हवा आत यायलाही वाट हवी. नवीन रूम बघायला जाल तेव्हा वायफायच्या आधी हे विचारा, गीझरचा धूर जातो कुठे?