कर्नल नायडू आणि सरासरी 25

मागच्या सत्रात वसतिगृहात एका मित्राशी माझा वाद झाला आणि मी हरलो. सी. के. नायडू भारताचे पहिले कसोटी कर्णधार खरे, पण फलंदाज म्हणून साधेच, असे त्याचे म्हणणे. त्याच्याकडे पुरावा होता: 7 कसोटी, 14 डाव, 350 धावा, सरासरी 25. माझ्याकडे फक्त आजोबांच्या गोष्टी.

दिवाळीत जबलपूरला, राइट टाउनच्या घरी आल्यावर मी आजोबांकडे तक्रार केली. त्या सरासरीत षटकार कुठे दिसतात, एवढेच त्यांनी विचारले. मग मी वही घेऊन बसलो.

नायडूंचा जन्म 31 ऑक्टोबर 1895 चा, नागपूरचा. घरची भाषा तेलुगू. आम्हा जबलपूरकरांना ते आपलेच वाटतात, कारण 1956 पर्यंत नागपूर आमचीही राजधानी होती. 1923 मध्ये तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावून आपल्या सैन्यात कॅप्टन केले. पुढे ते कर्नल झाले. (आपल्या मासिकात त्यांच्यावर लिहायला मला एवढे कारण पुरे होते!)

डिसेंबर 1926. मुंबईच्या जिमखाना मैदानावर आर्थर गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध हिंदू संघ खेळत होता. पाहुण्यांच्या गाय अर्लने 8 षटकार मारून 130 धावा केल्या होत्या. उत्तरादाखल नायडूंनी दोन तासांच्या आत 153 धावा केल्या. 11 षटकार, 13 चौकार. मी हिशेब केला: 66 आणि 52 मिळून 118. पळून काढलेल्या धावा फक्त 35! एमसीसीने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. सहा वर्षांनी भारत लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळला. ती मिळण्यात या डावाचा मोठा वाटा मानतात.

1895 मध्येच अमेरिकेत बेब रूथ जन्मला. तो बेसबॉलचा खेळाडू. 1927 च्या मोसमात त्याने 60 होमरन मारले. बेसबॉलची साधी सरासरी एका बेसचा फटका आणि होमरन सारखेच मोजते. म्हणून ते लोक दुसरा आकडाही ठेवतात. त्यात एका बेसला 1 आणि होमरनला 4 धरून बेरीज करतात आणि फलंदाजीच्या संधींनी भागतात. या आकड्यात 2024 पर्यंत रूथ सगळ्यांच्या वर होता. आपल्या सरासरीत मात्र धावा किती वेळात झाल्या, हे येतच नाही.

तरी 25 हा आकडा खोटा नाही, हे मला मान्य आहे. पण पहिली कसोटी खेळताना नायडू 36 वर्षांचे होते. त्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना हाताला लागले, तरी पहिल्या डावात भारताच्या सर्वाधिक 40 धावा त्यांच्याच. त्या 1932 च्या दौऱ्यात त्यांनी 32 षटकार मारले. प्रथम श्रेणीत त्यांची 26 शतके आहेत आणि 400 हून अधिक बळीही.

1956-57 मध्ये, वयाच्या 61 व्या वर्षी, ते उत्तर प्रदेशकडून रणजी सामने खेळत होते. 14 नोव्हेंबर 1967 रोजी इंदूरला त्यांचे निधन झाले.

सुट्टीनंतर ही वही मी त्या मित्राला दिली. त्याने 118 ची बेरीज स्वतः पुन्हा करून पाहिली. वही अजून त्याच्याकडेच आहे.