‘एमआय’ हेलिकॉप्टरांचे जनक : मिखाइल मिल

पूरग्रस्तांच्या सुटकेसाठी धावून येणाऱ्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांमुळे ‘एमआय’ ही अक्षरे भारतीयांच्या परिचयाची झाली आहेत. सोव्हिएत अभियंते मिखाइल मिल यांच्या आडनावावरून ती घेतली आहेत, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही.

मिल यांचा जन्म २२ नोव्हेंबर १९०९ रोजी सैबेरियातील इर्कुत्स्क येथे झाला. १९३१ मध्ये पदवी घेतल्यानंतर त्यांनी ऑटोजायरोवर संशोधन केले. १९४७ मध्ये हेलिकॉप्टर आरेखन केंद्राची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि पुढच्याच वर्षी ‘एमआय-१’ने उड्डाण केले. पाठोपाठ १९५२ मध्ये ‘एमआय-४’ आले.

या ‘एमआय-४’चे अवजड पिस्टन इंजिन नाकात बसविलेले होते आणि वैमानिक त्याच्या वर बसत. तेथे टर्बाइन इंजिन आणण्याचा मिल यांचा मनोदय होता. पण संपूर्ण नव्या हेलिकॉप्टरला मंजुरी मिळणे अवघड होते. तेव्हा त्यांनी ‘एमआय-४’ची सुधारित आवृत्ती म्हणून प्रस्ताव पुढे रेटला. १९६१ मध्ये उडालेल्या पहिल्या नमुन्यावर जुनाच चार पात्यांचा पंखा होता. त्याचे इंजिन एकच होते. ते बंद पडले तर काय, हा प्रश्न मिल यांना स्वस्थ बसू देणारा नव्हता. १९६२ मध्ये दोन इंजिनांचा नमुना उडाला. पुढे पात्यांची संख्याही पाच झाली.

हेच ‘एमआय-८’. प्रत्येकी दीड हजार अश्वशक्तीची दोन्ही इंजिने छतावर गेल्याने खालची जागा मोकळी झाली. एक इंजिन निकामी झाल्यास दुसरे आपोआप अधिक शक्ती देते. मागची दारे शिंपल्यासारखी उघडतात व तेथून वाहनही आत घेता येते. २४ सैनिक, १२ स्ट्रेचर किंवा चार टन माल, ज्या वेळी जी गरज असेल ते वाहून नेण्याची सोय त्यात आहे. तीन टनांचे ओझे खाली टांगूनही नेता येते.

मिल यांच्याच ‘व्ही-१२’ या महाकाय हेलिकॉप्टरने १९६९ मध्ये ४४ टनांहून अधिक वजन उचलून जागतिक विक्रम केला. पण त्याचे दोनच नमुने बनले. साध्यासुध्या दिसणाऱ्या ‘एमआय-८’ कुळातील हेलिकॉप्टरांची संख्या मात्र बारा हजारांच्या पुढे गेली.

३१ जानेवारी १९७० रोजी मॉस्कोत मिल यांचे निधन झाले. डिसेंबर १९७१ मध्ये भारतीय सैनिकांना मेघना नदीपार उतरविले ते त्यांच्या ‘एमआय-४’नेच. भारतीय हवाई दलाने ‘एमआय-८’ला २०१७ मध्ये निरोप दिला, त्याच सांगाड्यावर अधिक शक्तिशाली इंजिने बसविलेले ‘एमआय-१७’ अद्याप सेवेत आहे.